तीन महिन्यांची ऑर्डर

धाकटीच्या बाळंतपणाला खरं तर आई येणार होती. तिच्या गुडघ्यांनी ऐन वेळी संप पुकारला आणि तिकीट माझ्या नावाने निघालं. "घरात नर्स असताना म्हातारीला कशाला पाठवताय?" असं शेजारच्या काकूही म्हणाल्या. अशी मी व्हर्जिनियात, सेंटरव्हिल नावाच्या गावात येऊन पडले. गाव म्हणायचं ते आपल्या सवयीने. एकसारख्या घरांच्या रांगा, रुंद रस्ते आणि पायी चालणारं माणूस औषधालाही नाही. देशी वाण्याकडे कढीपत्त्यापासून मेतकुटापर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे डिंकाच्या लाडवांचं काही अडलं नाही.

बाळ रात्रीचं सलग तीन तास झोपायला लागलं, तेव्हा धाकटीचा नवरा म्हणाला, "ताई, तुम्ही आल्यापासून घरातच आहात. चला, बुल रन दाखवून आणतो." आई व्हिडिओ कॉलवर होती. तिने लगेच विचारलं, "बैलांची शर्यत असते का रे तिथे? आपल्याकडे उठली हो बंदी." मग तिला समजावून सांगावं लागलं की रन म्हणजे इथल्या बोलीत ओढा. त्या ओढ्याकाठी लढाई झाली होती. उत्तरेकडचे लोक तिला ओढ्याच्या नावाने ओळखतात आणि दक्षिणेकडचे जवळच्या मनॅसस गावाच्या नावाने. आईचा रस तिथेच संपला.

माझाही फारसा नव्हता. शाळेत अमेरिकेचं यादवी युद्ध म्हणजे लिंकन आणि गुलामगिरी, दोन गुणांचा प्रश्न. पण जागा सुंदर आहे. उतरती गवताळ टेकडी, नागमोडी लाकडी कुंपणं, मधूनमधून हिरव्या पडलेल्या तोफा. २१ जुलै १८६१, रविवार, इथे या युद्धातली पहिली मोठी लढाई झाली. वॉशिंग्टन इथून पंचवीस-तीस मैलांवर. तिथून काही हौशी मंडळी, खासदारसुद्धा, शिदोऱ्या बांधून घोडागाडीतून लढाई बघायला आली होती. त्यातला एक खासदार संध्याकाळ व्हायच्या आत शत्रूच्या कैदेत सापडला.

टेकडीवर एक छोटं पांढरं घर आहे. हेन्री घराण्याचं. मूळ घर युद्धात गेलं, हे नंतर बांधलेलं. १८६१ साली तिथे ज्युडिथ हेन्री नावाची विधवा राहत होती. वय ऐंशीच्या पुढे, अंथरुणाला खिळलेली. गोळागोळी सुरू झाल्यावर घरच्यांनी तिला गादीसकट उचलून बाहेर नेलं. बाहेरचा गोंधळ बघून ती म्हणाली, मला परत माझ्या खोलीत न्या. नेलं. घराच्या आडून नेमबाज गोळ्या झाडतायत म्हणून उत्तरेच्या तोफखान्याने घरावर तोफा डागल्या आणि ती पलंगावरच गेली. घराशेजारी तिची कबर आहे. मी पंधरा वर्षं पेशंट उचलतेय. गादीची चार टोकं धरून माणूस उचलताना मनगटात कशी रग लागते ते मला माहीत आहे, म्हणून मी तोफांपेक्षा त्या दारापाशीच जास्त वेळ उभी राहिले.

माहिती केंद्रातल्या रेंजरने विचारलं, कुठे उतरलात? सेंटरव्हिलला, म्हटलं. तो हसला. म्हणाला, "मग एक अख्खी पलटण तुमच्याच गावातून माघारी गेली होती. लढाईच्या सकाळी."

मला वाटलं, पळून गेली. तो म्हणाला, नाही. मुदत संपली होती.

मुदत हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले.

ती पलटण म्हणजे चौथी पेनसिल्व्हेनिया. फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउन गावची आणि आसपासच्या माँटगोमरी परगण्यातली माणसं. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेने सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या आणि १५ तारखेला लिंकनने ७५,००० माणसं मागितली. मागितली ती फक्त तीन महिन्यांसाठी. पुष्कळ जण सांगतात, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं युद्ध चार दिवसांत आटपेल, म्हणून तीन महिने. वाटत असेलही. पण खरी अडचण कागदाची होती. राज्यांच्या मिलिशियाला, म्हणजे नागरी फौजेला, राष्ट्राध्यक्षाने बोलावलं तर वर्षात तीन महिन्यांपेक्षा जास्त राबवता येणार नाही, असा १७९५ सालचा कायदा होता. काँग्रेसचं अधिवेशन चालू नव्हतं, ते ४ जुलैला बोलावलं होतं. हातात असलेल्या कायद्यात जेवढं बसलं तेवढं लिंकनने मागितलं. पुढे मे महिन्यात त्याने तीन वर्षांच्या बोलीवर माणसं मागितली, पण तोवर या पहिल्या लोकांचं घड्याळ सुरू झालं होतं.

चौथी पेनसिल्व्हेनिया हॅरिसबर्गला २० एप्रिलला हजेरीपटावर चढली. तीन महिने मोजा. २० जुलै.

आणि मॅकडॉवेल या उत्तरेच्या सेनापतीला वॉशिंग्टनमधून सगळे ढकलत होते ते याच हिशेबाने. वर्तमानपत्रं ओरडत होती ते वेगळंच, पण मुख्य म्हणजे जुलै संपता संपता त्याची हजारो माणसं घरी जाणार होती. तो म्हणत होता, माझी माणसं कच्ची आहेत, अजून वेळ द्या. त्यावर लिंकनचं उत्तर प्रसिद्ध आहे: तुम्ही कच्चे आहात खरे, पण तेही कच्चेच आहेत, सगळे सारखेच कच्चे. वाक्य म्हणून छान आहे. पण हल्ला करायला जाणाऱ्या कच्च्या माणसाचे हाल झाडाआड थांबलेल्या कच्च्या माणसापेक्षा जास्त होतात, हे सेनापतीला कळत असणार.

१६ जुलैला पस्तीसेक हजारांची ही फौज निघाली. जुलैमधला इथला उकाडा मी अनुभवलाय, अंगाला नुसती चिकचिक. त्यात लोकरीचे कपडे, बंदूक, पाठीवर ओझं आणि चालायची सवय नाही. माणसं वाटेत रांग सोडून पाण्याच्या बाटल्या भरायला थांबायची, काटेरी झुडपांतली काळी बेरी तोडून खात बसायची. अधिकारी ओरडायचे, ती शांतपणे खायची. पंचवीस मैलांच्या आतल्या सेंटरव्हिलला पोचायला त्यांना दोन-अडीच दिवस लागले. इतिहासवाले हे बेशिस्तीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ते वाचताना बरं वाटलं. कुणीतरी तेवढ्यात काहीतरी गोड खाल्लं.

तर २० जुलैची संध्याकाळ, सेंटरव्हिल. हल्ला पहाटे करायचा हे ठरलेलं. चौथी पेनसिल्व्हेनिया म्हणाली, आमची मुदत आज संपते, आम्हाला मोकळं करा. न्यू यॉर्कच्या आठव्या मिलिशियाचे तोफखानावालेही तेच म्हणाले. मॅकडॉवेलने पलटणीला जेवढ्या काकुळतीने लिहिता येईल तेवढं लिहून विनवलं. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन त्या दिवशी छावणीतच होता. तो स्वतः पेनसिल्व्हेनियाचा. त्याने तोफखानावाल्यांना गळ घातली, निदान पाच दिवस थांबा. नाही म्हणाले. रात्री सुटकेचा हुकूम निघाला. नंतर मॅकडॉवेलने अहवालात लिहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सैन्य लढाईकडे पुढे निघालं तेव्हा ही माणसं शत्रूच्या तोफांच्या आवाजात मागे निघाली.

एवढं एकच वाक्य. त्यात शिवी नाही, विशेषण नाही. तरी त्या पलटणीच्या कपाळावरचा डाग दीडशे वर्षांत पुसला गेलेला नाही. पहिल्या बुल रनबद्दल लिहिणारा प्रत्येक जण ते वाक्य उचलतोच. आता मीही उचललं.

घरी आले, बाळाला तेल लावलं, शेक-शेगडी झाली, आणि रात्री झोप लागेना.

जून २०२० मध्ये मला एक ऑर्डर मिळाली होती. एका तालुक्याच्या गावी वसतिगृहाच्या इमारतीत कोविड सेंटर उघडलं होतं, तिथे स्टाफ नर्स. "निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात", कालावधी ९० दिवस, "मुदत संपताच सेवा आपोआप संपुष्टात येईल" आणि "नियमित सेवेत सामावून घेण्याचा कोणताही हक्क राहणार नाही". सरकारी मराठीतली ही वाक्यं मला आजही पाठ आहेत. तेव्हा ती वाचून हसू आलं होतं, इतक्या वेळा बजावताय, आम्हाला कुठे सामावून घ्यायचंय! टाळ्या-थाळ्यांचे दिवस ताजे होते. गावातून निघताना आईने औक्षण केलं. मुलगा पाच वर्षांचा होता, त्याला सांगितलं, नव्वद झोपा झाल्या की मी येते. त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारायला घेतल्या.

तिथे काय झालं ते सगळं सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि इतरांना सांगून फार काही कळत नाही. किटच्या आत घाम पायांवरून वाहत बुटात साठायचा, एवढं सांगते. घरमालकाने दुसऱ्या आठवड्यात खोली सोडायला लावली, मग आम्ही पाच जणी वर्गखोलीत बाकं जोडून झोपायचो. पहिल्या महिन्याचा पगार झाला. दुसऱ्याचा झाला नाही. "बजेट आलं नाही", "सही राहिलीय", "साहेब क्वारंटाइन आहेत". तिसऱ्याचं कुणी विचारतही नव्हतं.

नव्वदावा दिवस सप्टेंबरच्या मध्यात आला. ज्यांना आकडे आठवतात त्यांना कळेल की पहिली लाट तेव्हा अगदी भरात होती. ऑक्सिजनचा एकही बेड रिकामा नव्हता, दोन पेशंट गच्चीच्या जिन्याखाली ठेवले होते. मेडिकल ऑफिसर साहेब स्वतः आले. चांगला माणूस. म्हणाले, "सिस्टर, पंधरा दिवस थांबा. ऑर्डर काढून आणतो मी." मी म्हटलं, "ऑर्डर आली की फोन करा सर."

आमच्या इन्चार्ज सिस्टरची ऑर्डर माझ्याच यादीतली, तारीख तीच. त्या काही बोलल्या नाहीत. हातमोजे बदलले आणि आत गेल्या.

मी बॅग घेऊन एसटी स्टँडकडे चालायला लागले. समोरून १०८ आली, भोंगा वाजवत. सेंटरकडेच निघालेली. मी बाजूला झाले, ती गेली, भोंगा मागे ऐकू येत राहिला. आणि मला तेव्हा काय वाटलं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: मला भूक लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा सडकून भूक. स्टँडबाहेर एक जण पार्सल देत होता, त्याच्याकडून दोन वडापाव घेतले आणि उभ्या उभ्या खाल्ले. मिरचीसकट.

म्हणून त्या सेंटरव्हिलच्या रस्त्यावरची माणसं मला दिसायला लागली. इथून अलेक्झांड्रियापर्यंत वीसेक मैल चाल होती. सहाच्या सुमारास दगडी पुलाकडून पहिली तोफ झाली. पाठीमागे. त्यांच्यातल्या कुणीतरी वाटेत थांबून बेरी खाल्ली असणार. हे कुठल्या पुस्तकात नाही, हे माझ्या पदरचं आहे.

त्यांचा कर्नल होता जॉन हार्ट्रान्फ्ट. तिशीतला, स्थापत्य अभियंता, नुकताच वकील झालेला. गावच्या मिलिशियाचा प्रमुख, त्यानेच ही माणसं गोळा केली होती. पलटण थांबेना तेव्हा त्याने काय केलं? माणसांना घरी जाऊ दिलं आणि स्वतः थांबला. दुसऱ्या एका कर्नलकडे, फ्रँकलिनकडे, मदतनीस म्हणून गेला आणि दिवसभर लढाईत फिरला. दुपारनंतर उत्तरेची फौज मोडली, तेव्हा विस्कटलेल्या पलटणींना पुन्हा उभं करायची त्याची धडपड चालली होती. त्याच्याच पलटणीचा एक कॅप्टन, वॉल्टर कुक, असाच थांबला. पंचवीस वर्षांनी, १८८६ आणि १८८७ मध्ये, या दोघांना अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. म्हणजे जी पलटण त्या लढाईत नव्हतीच, तिच्या नावावर त्या लढाईची दोन पदकं आहेत. कुकच्या मानपत्रात तर स्पष्ट लिहिलंय की त्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती. एकाच तारखेवर एकाला पदक आणि हजाराला डाग.

इन्चार्ज सिस्टरांना पदक मिळालं नाही हे सांगायला नको.

त्याच उन्हाळ्यात उलटं उदाहरणही घडलं, तेही सांगते, नाहीतर मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. मिसूरीत पहिली आयोवा नावाची अशीच नव्वद दिवसांची पलटण होती. तिचीही मुदत ऐन लढाईच्या तोंडावर संपत आली. उत्तरेच्या जनरल लायनने विचारलं, ते थांबले. १० ऑगस्टला विल्सन्स क्रीकला लढाई झाली, लायन मारला गेला, आयोवावाल्यांचे दीडशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. त्यांचे गणवेश करडे होते, कारण तेव्हा ज्या गावाने जे शिवून दिलं ते घालून माणसं आली होती. त्या दिवशी समोरून करड्या कपड्यातली फौज येताना बघून लायनच्याच फौजेच्या दुसऱ्या तुकडीला वाटलं, आपले आयोवावाले आले. ती लुइझियानाची पलटण होती, शत्रूची. अगदी जवळ येऊन त्यांनी गोळ्या घातल्या. आयोवावाल्यांनी थांबून कसलाच दोष केला नव्हता, तरी त्यांच्या कपड्याच्या रंगाने माणसं मेली. मग तेही त्याच महिन्यात सेवामुक्त होऊन घरी गेले. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

शेनंडोआ खोऱ्यात पॅटरसन नावाच्या उत्तरेच्या म्हाताऱ्या जनरलची वेगळीच गत. त्याच्या बहुतेक पलटणींच्या मुदती त्याच आठवड्यात संपत होत्या. त्याने एकेका पलटणीपुढे जाऊन अजून थोडे दिवस मागितले. पुष्कळांच्या पायात धड बूट नव्हते. त्या साली पेनसिल्व्हेनियाच्या शिपायांना पुरवलेल्या कपड्यांबद्दल एवढी ओरड झाली की राज्याला चौकशी करावी लागली. पॅटरसन तिथे अडकून पडला आणि समोरचा दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन आपली माणसं आगगाडीत घालून मनॅससला घेऊन गेला. रविवारी दुपारी पारडं फिरलं ते त्या ताज्या माणसांमुळे. आता यात दोष कुणाचा? नव्वद दिवस लिहिणाऱ्याचा, बूट न देणाऱ्याचा, की अनवाणी पायांनी 'पुरे' म्हणणाऱ्याचा? अहवाल लिहिणारे शेवटच्या माणसाचं नाव लिहितात. ते सोपं असतं.

आपल्याकडेही दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज पावसाळ्याआधी परतायची. पेरणीला माणूस लागतो. त्याला कुणी पळपुटं म्हटलं नाही, कारण तो रिवाजच होता.

चौथ्या पेनसिल्व्हेनियाची गोष्ट बहुतेक पुस्तकं त्या सकाळीच सोडून देतात. मला पुढचं हवं होतं. हार्ट्रान्फ्ट नॉरिसटाउनला परत गेला आणि त्याने नवी पलटण उभी केली, एक्कावन्नावी पेनसिल्व्हेनिया. या वेळी तीन वर्षांच्या बोलीवर. आणि तिच्यात नाव घालायला आले ते पुष्कळ जण जुने, चौथ्याचेच. जी माणसं जुलैमध्ये एक दिवस थांबायला तयार नव्हती ती हिवाळ्याआधी तीन वर्षांवर सही करत होती.

हीच एक्कावन्नावी पुढे १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमच्या लढाईत ओढ्यावरच्या अरुंद दगडी पुलाशी उभी होती. पलीकडच्या चढावर जॉर्जियाचे जेमतेम काही शे नेमबाज, पण त्यांनी सकाळपासून कुणाला पूल ओलांडू दिला नव्हता. ब्रिगेडच्या प्रमुखाने आधी शिक्षा म्हणून या पलटणीची व्हिस्की बंद केली होती. तो आता पूल घ्या म्हणाला, तेव्हा रांगेतल्या एका कॉर्पोरलने विचारलं, घेतला तर आमची व्हिस्की देणार का? देतो म्हणाला. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी न्यू यॉर्कच्या एक्कावन्नाव्या पलटणीबरोबर पूल घेतला. सुमारे १२० माणसं मेली किंवा जखमी झाली. व्हिस्की मिळाली म्हणतात.

मला हे फार आवडलं. मरायला निघालेला माणूस आधी बंद केलेलं मागतो.

हार्ट्रान्फ्टचं पुढे बरंच झालं. जनरल झाला, लिंकनच्या खुनाच्या कटातले कैदी त्याच्या ताब्यात होते, जुलै १८६५ मध्ये चौघांना फाशी दिलं तेव्हा वधस्तंभावर हुकूम त्यानेच वाचला. मग दोनदा पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर. हॅरिसबर्गला त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. पुतळ्याच्या माणसाबद्दल मला जास्त काही म्हणायचं नाही.

मी दुसऱ्या लाटेत परत गेले का, हे कुणी विचारेलच. गेले. त्या सेंटरला नाही, दुसरीकडे, पुन्हा तीन महिन्यांच्या ऑर्डरवर. त्यात मोठेपणा काही नव्हता. घरी बसून भोंगे ऐकवत नव्हते, आणि भिंतीवरच्या रेघांवर मुलाच्या बाबांनी तोवर रंग मारला होता. मुलाने या वेळी रेघा मारल्या नाहीत. म्हणाला, तू सांगतेस तेवढ्याच झोपा नसतात. खरं तर पहिल्या वेळी मी बरोबर नव्वदाव्या झोपेला आले होते. त्याला ते आठवत नाही, त्याला फक्त वाट पाहिलेली आठवते.

परवा पुन्हा गेलो होतो, बाळालाही घेऊन. हेन्री हिलवरून सेंटरव्हिलच्या दिशेचा एक फोटो काढला आणि इन्चार्ज सिस्टरांना पाठवला. त्या आता निवृत्तीच्या वयाच्या, एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करतात. खाली चौथ्या पेनसिल्व्हेनियाची सगळी गोष्ट व्हॉइस मेसेजमध्ये सांगितली, सात मिनिटांची. शेवटी धीर करून म्हटलं, "सिस्टर, तुम्ही थांबलात आणि मी गेले, त्याची आठवण झाली." त्या तेव्हा अकरा दिवस थांबल्या होत्या, ऑर्डरशिवाय. शेवटी ऑर्डर आलीच, पण पुढच्या तारखेपासून. मधले अकरा दिवस कुठल्याच कागदावर नाहीत.

निळ्या खुणा लगेच आल्या. म्हणजे ऐकत होत्या. मी फोन हातात धरून बाळाला थोपटत बसले. सात मिनिटं गेली, दहा गेली. मग उत्तर आलं, टाइप केलेलं:

"ते सोड. त्यांचा पगार झाला होता का?"